भाकरीचे तुकडे किती?

आमची शाळा संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात आहे. मी तिसरीला शिकवते. एका सोमवारी मधल्या सुट्टीत रडण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर एक मुलगी डबा उघडा टाकून भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिनं सहज सांगितलं होतं, "काल चर्चमध्ये आजीनं प्रभूचं शरीर खाल्लं." झालं! पोरं ओरडली, "ईऽऽ! माणूस खाल्ला?"

मी सगळ्यांना दरडावलं, "कुणाच्या देवाबद्दल बोलायचं नाही!" वर्ग गप्प झाला, पण त्या मुलीला वाटलं, आपलंच काही तरी चुकलं. मंगळवारी ती शाळेतच आली नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिच्या आजी छावणीतल्या चर्चमध्ये जातात. मी म्हटलं, "आपल्या प्रसादासारखंच ना हे?" आजी म्हणाल्या, "बाई, सुरुवात तिथून करा, पण तिथं थांबू नका. प्रसाद आपण देवापुढं ठेवतो. इथं वाढणारा प्रभू, आणि वाढलंय तेही त्यानं स्वतःलाच."

बुधवारी ती आली. मी गोष्टच सांगितली. सुमारे 2000 वर्षांपूर्वी यरुशलेममध्ये, वल्हांडण सणाच्या दिवसांत, येशू आपल्या 12 शिष्यांबरोबर जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर चढवणार होते. त्यानं भाकर मोडून सगळ्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला. भाकरीला आपलं शरीर म्हटलं, द्राक्षारसाला आपलं रक्त, आणि माझी आठवण म्हणून हे करत जा, असं सांगितलं. (मराठी बायबलात शब्द 'भाकर' हाच आहे, बरं का! वर्ग त्यावर फारच खूश झाला.) ख्रिस्ती लोक आजही हे 'प्रभुभोजन' घेतात. कुठे पावाचा तुकडा, कुठे गव्हाची पातळ चकती.

"पण बाई, खरंच शरीर असतं का?"

चव गव्हाचीच असते, पण ख्रिस्त त्यात खरोखर असतो, असं कॅथलिक मानतात. बरेच प्रोटेस्टंट ती त्याची खूण आणि आठवण मानतात. यावर मोठ्या माणसांचंही शेकडो वर्षं एकमत झालेलं नाही, हे मी मुलांपासून लपवलं नाही.

तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "मला अजून देत नाहीत. दृढीकरण झालं की मग."

सगळे चकित. कॅथलिक मुलांना साधारण सातव्या-आठव्या वर्षी मिळतं. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये वयाची अट खाली आणली. तिच्या चर्चमध्ये मात्र थांबावं लागतं. "मोठी माणसं पुढं जातात, तेव्हा मी बाकावर बसून चपला मोजते," ती म्हणाली. मग मात्र सगळे हसले, तीसुद्धा.

शेवटी, सोमवारी सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला मुलगा उठला. "बाई, मग तुकडे 12 नाही, 13 झाले असतील. येशूपण जेवला असेल ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजीला विचारून सांगते."