माझ्या उजवीकडे बसा

शस्त्रक्रियेत गाठ निघाली. कर्करोगाची नव्हतीच; ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या आवरणातल्या श्वान पेशींची, हळूहळू वाढलेली. पण तिच्यासोबत डाव्या कानाचं ऐकणंही गेलं, ते परत येणार नाही. पंचविशीत हे स्वीकारणं जड जातंय. ‘थोडक्यात निभावलं’ असं कुणी म्हटलं की रागच येतो.

तोल मात्र सावरतोय. त्या बाजूच्या संवेदना बंद पडल्या, तरी मेंदू उजवा कान, डोळे आणि तळपाय यांच्यावर विसंबायला शिकतो. फक्त पडून राहून ते होत नाही. म्हणून चालता चालता मान दोन्हीकडे वळवायची. उजेडात जमतं. अंधारात अजून भिंत धरावी लागते.

चेहऱ्याचा सातवा मज्जातंतू आठव्याला खेटूनच जातो. त्यालाही झळ बसली, म्हणून डावी पापणी पुरती मिटत नाही; दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी. १९१७ साली मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा जीव वाचणं हेच मोठं होतं. आज सर्जन चेहरा वाचवायलाही जिवापाड झटतात, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

आईची हाक कुठून आली ते कळत नाही. दिशा ठरवायला दोन्ही कान लागतात. आता ती आधी समोर येते, मग बोलते. मित्रांना मीच सांगून टाकलं: माझ्या उजवीकडे बसा.