बोहारणीची नजर

वस्तू विकत घेताना आपण तिची सुरुवात पाहतो, तिचा शेवट पाहत नाही. दुकानातला लख्ख उजेड, कोऱ्या कापडाचा वास, खोक्यातून निघणाऱ्या बुटांची चकाकी हे सारे वस्तूच्या पहिल्या दिवसाचे वैभव होय. तिच्या शेवटच्या दिवसाविषयी दुकानदार बोलत नाही आणि आपणही विचारत नाही. मात्र वस्तूचा शेवट पाहून तिची किंमत ठरवणारी एक व्यक्ती पूर्वी आपल्या दारावरूनच जात असे. डोक्यावर भांड्यांची टोपली, पाठीशी जुन्या कपड्यांचे गाठोडे आणि तोंडी आळीभर ऐकू जाणारी हाळी. ती म्हणजे बोहारीण.

माझ्या बालपणी वसईच्या आमच्या गावात ती आली की ओट्यावर बायकांची सभाच भरे. जुने कपडे द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात पातेले, परात, डबा असे काहीतरी घ्यायचे, हा व्यवहार. आम्हा मुलांना भांड्यांचे कौतुक, पण मला आज आठवतात ते तिचे हात. सदरा हाती आला की ती प्रथम तो उलटा करी. कॉलरची आतली बाजू आणि काखेची शिवण पाही. मग दोन्ही अंगठ्यांनी शिवण हलकेच ताणी आणि शेवटी कापड उन्हासमोर धरी. विणीतून ऊन किती गळते, यावर तिचा निवाडा ठरे. एखादा झुळझुळीत, नवाच दिसणारा सदरा ती निर्विकारपणे बाजूला सारी आणि आजीच्या साध्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लाल लुगड्यावर तिचा हात थांबे. आजीने घासाघीस केली की तिचे उत्तर ठरलेले असे, "आजी, हे कापड दुसऱ्याच्या अंगावर टिकायचं नाही. याचं भांडं नाही येणार."

टिकाऊपणाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर आढळलेली नाही. वस्तू आपल्याजवळ किती दिवस राहिली, एवढाच हा प्रश्न नव्हे. आपला उपयोग संपल्यावर दुसऱ्याला देण्याजोगे तिच्यात काही उरते का, हा खरा प्रश्न आहे. जिच्यात उरते ती टिकाऊ. जिच्यात उरत नाही ती कितीही महाग असली, तरी कचऱ्याच्या वाटेवरचीच.

आपल्या घरांत हा विचार कोणी शिकवावा लागत नसे. लुगडे जुने झाले की त्याचा मधला धड भाग घरात नेसायला ठेवत. तेही विरले की त्याच्या घड्या गोधडीत जात. त्याहून मऊ झालेल्या तुकड्यांची तान्ह्या बाळासाठी दुपटी होत आणि अखेरीस उरे ते चुलीजवळचे पोतेरे. एकाच कापडाने घरातल्या तीन पिढ्यांची सेवा केलेली असे.

आपल्या शिंप्यांच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात त्याला ते 'माया' म्हणतात. मूल वाढेल, माणूस अंगाने भरेल, सदरा धाकट्याच्या अंगावरून थोरल्या चुलतभावाकडे जाईल, हे सारे गृहीत धरून शिंपी आत माया सोडतो. बाहेरून ती दिसत नाही. किंबहुना जोवर गरज पडत नाही तोवर ती तिथे आहे, हेही कोणाला कळत नाही. आज तयार कपडा घेताना तो उलटा करून पाहावा. पुष्कळदा शिवण कापडाच्या अगदी काठावर येऊन थांबलेली असते, उरलेले कापड यंत्राने कापून टाकलेले असते. एकदा उसवली की पुन्हा घालायला तिथे जागाच नसते. कापड वाचले खरे, पण माया गेली.

हा दोष केवळ ग्राहकाच्या चंचलपणाचा नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. वस्तू लवकर संपावी यासाठी जाणीवपूर्वक प्रयत्न झाले आहेत आणि इतिहासात त्यांची नोंद आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जगातील प्रमुख दिवे-उत्पादक जिनिव्हा येथे एकत्र आले आणि त्यांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला. त्या काळी विजेचे कित्येक दिवे दीड ते दोन हजार तास जळत. संघाने ही मर्यादा हजार तासांवर आणण्याचे ठरवले आणि ज्या कारखान्याचे दिवे त्याहून अधिक काळ टिकतील त्याला दंड लावला! अधिक चांगली वस्तू बनवल्याबद्दल शिक्षा, असा हा उफराटा न्याय. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो संघ मोडला, परंतु त्यामागचा विचार मोडला नाही. आज काही देशांना त्याविरुद्ध कायदे करावे लागत आहेत. फ्रान्सने २०२१ च्या जानेवारीपासून धुलाई यंत्रे, दूरचित्रवाणी संच, मोबाइल अशा वस्तूंवर त्या किती सुलभपणे दुरुस्त होतात याचा गुणांक दाखवणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली.

या सर्वाचा आपल्या घराशी काय संबंध, असे कोणी विचारील. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आमच्या धर्मग्रामातूनही मदत पाठवायचे ठरले. दोन दिवसांत सभागृह पिशव्यांनी भरून गेले. लोकांच्या मनात औदार्य होते, यात शंका नाही. महिला मंडळाच्या भगिनी कपडे निवडायला बसल्या. अर्ध्या दिवसानंतर देण्याजोग्या कपड्यांचा ढीग लहान आणि न देण्याजोग्यांचा मोठा, असे चित्र दिसू लागले. साखळी तुटलेल्या विजारी, इलॅस्टिक सैल झालेले परकर, दहा-बारा धुण्यांतच गोळे धरलेले सदरे. त्यांतील बहुतेक फार जुने नव्हते. एका वयस्क भगिनीने एक सदरा हातात धरून मला विचारले, "फादर, जे मी माझ्या दारात पायपुसणं म्हणून टाकणार नाही, ते पुरात सगळं गेलेल्या बाईला कोणत्या तोंडाने द्यायचं?" तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तो प्रश्न त्या दिवसाचा नव्हताच. तो कपडा विकत घेतला गेला त्या दिवसाचा होता.

असे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या, पण कोणालाच नको असलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ते गोळा करून, निवडून कामी लावण्याचे कष्ट 'गूंज' या संस्थेला घ्यावे लागले. दानाची गुणवत्ता देण्याच्या क्षणी ठरत नसते, ती खरेदीच्या क्षणीच ठरून गेलेली असते.

आता पादत्राणांकडे वळू. दर जूनमध्ये शाळेचे बूट घेणे हा आपल्या कित्येक कुटुंबांत चिंतेचा विषय असतो. समजा, साडेतीनशे रुपयांचा जोड पाच-सहा महिन्यांत तळव्यापासून सुटला, तर दोन वर्षांत चार जोड, म्हणजे चौदाशे रुपये झाले. आठशे रुपयांचा शिवलेल्या तळव्याचा जोड दोन वर्षे टिकला असता. हिशेब सोपा आहे, परंतु जून महिन्यात ज्या आईच्या हाती साडेतीनशेच रुपये असतात तिला तो सांगून काय उपयोग? गरिबाला स्वस्त वस्तू वारंवार घ्यावी लागते, म्हणून तीच त्याला महाग पडते. शिवाय मुलाचा पाय वाढतो, दोन वर्षे तोच जोड त्याला होणार नाही, हेही खरे. इथेच बोहारणीची नजर उपयोगी पडते. चांगला जोड धाकट्या भावाला, शेजारच्या मुलाला जाऊ शकतो. सुटलेल्या तळव्याचा जोड कोणालाच जात नाही.

बूट घेताना तळवा नुसता चिकटवलेला आहे की शिवलेलाही आहे, हे पाहावे. आपली कोल्हापुरी चप्पल याचा उत्तम धडा आहे. झाडांच्या साली आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, त्याच कातड्याच्या वादीने घातलेले टाके. टाका तुटला तर चांभार पुन्हा घालू शकतो. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. अर्थात, आपल्या किनाऱ्यावरच्या चार महिन्यांच्या पावसात ती घालू नये, पावसात रबरच बरे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हलक्या, मऊ तळव्यांचे काही बूट पॉलियुरेथेनचे असतात. दमट हवेतील ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो, न वापरताही! लग्नात घातलेले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवावेत आणि काही वर्षांनी काढावेत तो तळव्याचा शिळ्या भाकरीसारखा चुरा व्हावा, हा अनुभव अनेकांना आला असेल. असा जोड जपून ठेवण्यापेक्षा नियमित वापरावा, हेच शहाणपण.

घरातल्या वस्तूंनाही हाच नियम लावता येतो. तांब्या-पितळेचे भांडे आतून झिजले की कल्हईवाला ते विस्तवावर तापवून नवसागर टाकी, कथलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात चंदेरी झिलई चढवी. भांडे पुन्हा वीस माणसांच्या जेवणाला सिद्ध. बिडाचा तवा गंजला तरी घासून, तेल लावून, तापवून पुन्हा कामाला येतो. लेप दिलेल्या तव्याचा लेप निघाला की तो घरी पुन्हा चढवता येत नाही. प्रेशर कुकर घेताना त्यावरचे भारतीय मानक चिन्ह तर पाहावेच, शिवाय त्याचे रबरी कडे आणि सुरक्षा झडप गावातल्या दुकानात सुटी मिळते का, हेही विचारावे. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट आपल्या दमट हवेत पाणी लागताच फुगते आणि त्यात एकदा निघालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. आजोबांच्या सागवानी किंवा फणसाच्या कपाटाला मात्र सुतार आजही हात लावू शकतो. थोडक्यात, जी कधीच मोडत नाही अशी वस्तू जगात नाही. मोडल्यावर जी कारागिराला हात घालू देते, ती टिकाऊ.

टिकाऊ वस्तू घेणे म्हणजे महाग वस्तू घेणे नव्हे आणि साठवणे तर नव्हेच. उत्तम प्रतीच्या वीस साड्या कपाटात घडीवर विरत असतील, तर त्या टिकल्या कोणासाठी? बोहारीण कपाट रिकामे करूनच पुढे जात असे, हाही तिचा एक धडा आहे.

मग करावे काय? भगिनींची भिशी गावोगाव चालतेच. तिच्यातील एक हप्ता जूनमधील बूट आणि दप्तर यांच्यासाठी राखून ठेवता येईल, म्हणजे ज्या आईजवळ एकरकमी आठशे रुपये नाहीत तिलाही चांगला जोड घेता येईल. मे महिन्यात एका रविवारी मिस्सेनंतर लहान झालेले गणवेश आणि बूट सभागृहात मांडून त्यांची अदलाबदल करता येईल. ज्यांना गरज आहे त्यांनीच नव्हे, तर सर्वांनीच तेथे द्यावे आणि घ्यावे, म्हणजे घेणाऱ्याला संकोच वाटणार नाही. आणि गावात अजून जो चांभार, जो शिंपी बसतो, त्याच्याकडे वर्षातून दोनदा तरी जावे. तो उठून गेला, तर आपली चांगली वस्तूही निरुपयोगी होईल.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथाची कथा येते. ती आजारी पडून मरण पावली तेव्हा पेत्राला बोलावणे गेले. तो माडीवर आला, तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. तिचे गुण सांगण्याऐवजी त्यांनी तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवली. त्या वस्त्रांच्या शिवणी अजून घट्ट असल्या पाहिजेत, एरवी त्या अभिमानाने दाखवल्या गेल्या नसत्या. ते वाचताना माझ्या मनात नेहमी एक विचार येतो. टबीथाने त्या प्रत्येक शिवणीत थोडी माया नक्कीच सोडली असेल.