भाडं आणि भाकरी

१९७२च्या दुष्काळात पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मी नगरला कॉलेजात शिकत होतो. राहायला खोली मिळाली ती एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षिकेच्या घरी. भाडं सुरुवातीला दिलं, मग थकलं. बाईंनी घराबाहेर काढलं नाही. उलट संध्याकाळी ताट वाढून हाक मारायला लागल्या. ही बातमी गावात पोचली तेव्हा चुलत्यांचा निरोप आला: फुकट कुणी जेवू घालत नाही, पोराला बाटवतील.

संशय अगदीच निराधार होता असं नाही. १८९३ साली पुण्यात, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेवरून असाच गहजब झाला होता. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हटल्यावर रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. भाकरीमागे काहीतरी मागणं असणारच, ही धास्ती आपल्याकडे मुरलेली आहे. मी एकदा बाईंना सरळच विचारलं, ‘‘तुमचा देव प्रीती करतो, ती काही अट घालून की तशीच?’’

बाईंनी उत्तर दिलं ते रमाबाईंच्याच गोष्टीनं. रमाबाई इंग्लंडात असताना लंडनमधल्या फुलमला गेल्या होत्या. समाजानं ‘वाट चुकलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत. ते पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा वाचून त्या हलल्या. १८८३ साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की धर्म मिळाला, ख्रिस्त काही मिळाला नाही. एवढी शास्त्रं मुखोद्गत असलेली बाई. काहीही मिळवायचं तर आधी पात्र व्हायला हवं, हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. तारण कमवायचं नसतं, आहोत तसं पुढे होऊन घ्यायचं असतं, हे त्यांना फार उशिरा उमगलं. १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये (दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरला लागून आहे ते नव्हे) टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं, त्याचं मूळ फुलमलाच आहे, असं बाई म्हणायच्या.

मला हे पटलं. पण बाई गणिताच्या शिक्षिका. नुसतं पटलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी मत्तयच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली आणि हातात पेन्सिल दिली. एक चाकर राजाचं दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. मी गुणाकार केला: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं! आई-वडील खडीवर बसलेले असताना हा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. चाकर गयावया करतो, मुदत मागतो. राजा मुदत देत नाही, सगळं कर्जच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हे कळताच राजा दिलेली माफी मागे घेतो.

‘‘म्हणजे अट होतीच की,’’ मी म्हणालो.

‘‘माफी दिली तेव्हा नव्हती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण त्यानं ती घेतलीच कुठे? घेतली असती तर शंभर दिवसांसाठी कुणाचा गळा धरला असता का?’’

उत्तर बिनतोड वाटतं, तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. गोष्टीच्या शेवटी येशू स्पष्टच बजावतो की तुम्ही मनापासून क्षमा केली नाहीत, तर स्वर्गातला बापही तुमच्याशी असाच वागेल. ही अट नाही तर काय? ख्रिस्ती मंडळींतही यावर एकमत नाही. कॅल्विनच्या परंपरेत देवाची निवड माणसाच्या कुठल्याही लायकीवर अवलंबून नसते, पण ती सगळ्यांसाठीही नसते. जॉन वेस्लीच्या मते कृपा सगळ्यांसाठी खुली आहे, पण माणूस ती नाकारू शकतो आणि मिळालेली गमावूही शकतो. बाई वेस्लीच्या बाजूच्या असाव्यात. मी इतकंच म्हणेन की प्रीती सुरू व्हायला अट नाही. तिच्यात राहायला मात्र माणसाकडून काहीतरी लागतं.

पुढे मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारातून थकलेलं भाडं आणि जेवणाचे म्हणून अंदाजानं काही पैसे घेऊन मी नगरला गेलो. बाईंनी भाडं मोजून घेतलं, रीतसर पावती लिहिली आणि उरलेल्या नोटा परत केल्या. चिडल्याच होत्या जरा. ‘‘भाडं तू देणं लागत होतास. जेवणाचा भाव मी कधी सांगितला होता तुला?’’

चुलत्यांची भीती खरी ठरली नाही. मी आजही मोहटादेवीला जातो. तू ख्रिस्ती हो, असं बाईंनी कधी सुचवलंसुद्धा नाही. पण भाकरी फुकट नसते असं म्हणणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रमाबाईंची साक्ष वाचा आणि मग मत्तयचा अठरावा अध्यायही वाचा. राजाचा दुसरा निकाल तुम्हाला रास्त वाटतो का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.