घंटा एक, नाद दोन

वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट लवकर उमगते : वस्तूचा गुणदोष पुष्कळदा ती कोठे सापडली यावर ठरतो. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कमरेला कोयता असला, तर ते पोटापाण्याचे अवजार. तोच मध्यरात्री परक्याच्या माजघरात सापडला, तर तो पुरावा. आपल्या देहातही असा एक कोयता आहे, हे वाचून मला प्रथम केवळ कुतूहल वाटले. परंतु घरात मावशी आमवाताने खिळलेली असल्यामुळे ते नुसते कुतूहल राहिले नाही. सुजलेली बोटे पुढे करून ती विचारते, “अरे, आपलेच रक्त आपल्यावर का उलटावे? कोणते पाप फेडते आहे मी?”

आपल्या पेशीच्या इवल्याशा केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा मावलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर त्याचे वेढे बसलेले असतात. हा धागा आणि त्याला धरून असणारी प्रथिने मिळून जे द्रव्य होते, त्यास क्रोमॅटिन म्हणतात. कोणते जनुक उलगडावे आणि कोणते मिटून ठेवावे, हे बऱ्याच अंशी या प्रथिनांच्या हाती असते. देवस्थानच्या दप्तरखान्यातील कारकुनांचीच ही जात!

त्यांतील एचएमजीबी-१ हे प्रथिन १९७३ साली वासराच्या थायमस ग्रंथीतून हाती आले. धाग्याला योग्य जागी बाक देऊन जनुकवाचनाची सोय करणे, हे त्याचे घरातील काम. १९९९ साली मात्र न्यूयॉर्कच्या केविन ट्रेसी व सहकाऱ्यांनी त्याला भलत्याच जागी पकडले. जंतुविषाने आजारी पाडलेल्या उंदरांच्या रक्तात ते काही तासांनी उतरत होते, आणि त्यास अडविले असता अधिक उंदीर वाचत होते. त्याच वर्षी हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर जन्मास घालून पाहण्यात आले. ती पिल्ले रक्तातील साखर घसरून लवकरच मेली. एकाच वर्षी आरोपपत्रही दाखल झाले आणि सचोटीचा दाखलाही!

या विसंगतीचा उलगडा २००२ साली मार्को बियांकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पेशी आपल्या क्रमाने शांतपणे मेली, तर हे प्रथिन क्रोमॅटिनला घट्ट बिलगून राहते. ती घावाने फुटली, तर ते बाहेर सांडते. मग रक्षक पेशी धावून येतात व दाह पेटतो. या रक्षक पेशीही प्रसंगी ते स्वतः बाहेर सोडतात.

आरतीच्या वेळी घंटा वाजली की आपण हात जोडतो. तीच अपरात्री वाजली की सारा गाव आग विझवायला धावतो. घंटा तीच असते, आणि आग काही तिने लावलेली नसते. परंतु ती थांबेचना, तर धावून आलेल्या गर्दीच्या पायांखालीच अंगण तुडवले जाते. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतील द्रवात हे प्रथिन वाढलेले आढळते. त्या रोगाची कारणे अनेक आहेत, आणि हे प्रथिन त्यांतील एक दुवा मात्र आहे. पण त्या साखळीत मला कोठेही पाप सापडले नाही.

रुग्णाला त्याच्या दुखण्याचे कारण विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि कर्मविपाकाचा निकाल देणारे त्याहून अधिक. पुराव्यावाचून आरोप ठेवू नये, एवढा साधा न्याय आपण आजाऱ्याला तरी लावावा. औषधाचे काम वैद्याचे. पण हा दुसरा भार उतरविणे आपणा सर्वांच्या हाती आहे.