बाविसावा मजला

गिरगांवांत एक सदनिका विकाऊ असल्याचें कळल्यावरून आम्ही सहकुटुंब ती पाहावयास गेलों. मजला बाविसावा, चटईक्षेत्र अवघें ३८० चौरस फूट. (२०१६ च्या कायद्यानें विक्रेत्यास हाच आंकडा सांगणें भाग पडतें, एरवीं जिनाहि आमच्या गळ्यांत बांधला असता!) खिडकींतून समुद्र दिसला, परंतु रस्त्यावरील एकहि शब्द ऐकूं येईना. जवळच केशवजी नाईकांची चाळ. तेथें १८९३ पासून सार्वजनिक गणपति बसतो. आमचें बालपण अशाच एका चाळींत गेलें. शेजारी फोडणी पडली कीं आम्हांस भूक लागे.

“देव कोठें ठेवावयाचे?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“देवांना कपाट आहे, आई. तुम्हां दोघांकरितां कोच उघडतां येतो.”

विसाराची रक्कम आम्हीं तशीच परत आणली. चिरंजीव अद्याप अबोल आहेत.