इंजिनातला ठोका

इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागला की तो कुठून येतो हाच प्रश्न आधी विचारला जातो, आणि निदानाची वाट बहुधा तिथेच चुकते. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या जवळजवळ पंधरापट वेगाने धावतो. त्यामुळे तळाशी क्रँकजवळ उमटलेला ठोका वरच्या झाकणावर मूळ जागेपेक्षाही ठळक ऐकू येऊ शकतो. लांब पेचकसाचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावण्याची गॅरेजांतली जुनी रीत आजही उपयोगी आहे, पण तिने संशयाचे वर्तुळ लहान होते, इतकेच. म्हणून जाणता मिस्त्री आधी ‘केव्हा’ विचारतो: इंजिन गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना.

गाडीमालकाच्या तोंडचा शब्दही पुराव्यासारखा जपावा लागतो. टिकटिक, ठकठक, खडखड, धडधड या मराठी अनुकरणवाचक शब्दांत आवाजाचा जडपणा आणि त्याची लय दोन्ही साठवलेली असतात, आणि लय मोजता येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन स्लोवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एखाद्या सैल टॅपेटची, म्हणजे कॅम आणि झडप यांच्यामधल्या दुव्याची, टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा होते, तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला उमटणारा आवाज तेरा वेळा. हा फरक घड्याळाशिवायही सरावलेल्या कानाला कळतो.

खरी कसोटी लागते ती दोन जड आवाजांपाशी. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली जागा झिजून वाढली की पिस्टन भिंतीवर आपटतो. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्याने तापल्यावर बिडाच्या भिंतीपेक्षा जास्त प्रसरण पावतो, फट भरून येते आणि काही मिनिटांत आवाज मावळतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेरिंग मात्र नेमके उलट वागते. तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच जागा असते आणि ती दाबाखालच्या ऑइलने भरलेली असते. बेरिंग झिजले की गार, दाट ऑइल काही काळ ती उणीव झाकते, पण तापून पातळ झाले की ठोका उघडा पडतो आणि इंजिनावर भार येताच वाढतो. एकच उष्णता एका दोषाला लपवते आणि दुसऱ्याला उघड करते, ही गोष्ट ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला कित्येकदा गाडीला हात लावण्याआधीच निम्मे उत्तर मिळालेले असते. पहिल्या दोषावर गाडी वर्षानुवर्षे चालू शकते. दुसऱ्या दोषात तिने स्वतःच्या चाकांवर गॅरेजपर्यंत येणेही धोक्याचे असते, कारण सुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

बेरिंगचा संशय पक्का करण्यासाठी एकेका सिलिंडरमधले ज्वलन थांबवून ऐकतात. ज्वलनाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो तेव्हाच रॉड ती वाढलेली जागा ओलांडून क्रँकवर आदळतो. दाब नसला की घावही नसतो, आणि ज्या सिलिंडरला गप्प केल्यावर ठोका मंदावतो त्याच्याकडे बोट वळते. पूर्वी यासाठी प्लगची वायर काढत. आजच्या गाडीत इंजेक्टरची जोडणी काढणे योग्य, नाहीतर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करते.

ज्या ठोक्यात कोणताही भाग सैल नसतो, तो यांहून निराळा. प्लगची ठिणगी पडल्यानंतर ज्योत पसरत असताना कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण वाढत्या दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते, आणि त्या दाबलहरींमुळे सिलिंडर खणखणतो. घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवले की येणारा आवाज बहुधा हाच. अमेरिकेत १९१० च्या दशकात या ठोक्याचा दोष चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलन पद्धतीवर ठेवला गेला. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांच्या संशोधनातून मूळ कारण इंधनात सापडले. तिथेही उत्तर मिळाले ते ठोका ठिणगीनंतर पडतो हे कळल्यामुळे. निदान अचूक होते. १९२१ मध्ये शोधलेला शिशाच्या संयुगाचा उपाय मात्र हवेत विष कालवणारा ठरला, आणि भारतभर शिसेविरहित पेट्रोल येण्यास २००० साल उजाडावे लागले. आता ब्लॉकवर बसवलेला सेन्सर हे कंपन टिपतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते.

इंजिनाबाहेरचे तोतयेही कमी नाहीत. फ्लायव्हीलचे सैल बोल्ट किंवा ऑटोमॅटिक गाडीत त्याच जागी असणाऱ्या चकतीला गेलेला तडा बेरिंगच्या ठोक्याची इतकी हुबेहूब नक्कल करतात, की त्यापायी धडधाकट इंजिने उतरवली जातात. एसीचा कॉम्प्रेसर, बेल्टचा टेन्शनर, तुटलेले माउंटिंग, सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा हे सगळे आधी तपासणे हा मालकाच्या पैशाबद्दलचा साधा आदर आहे. बेल्ट काढून इंजिन क्षणभर चालवले तरी त्यांतले काही निकालात निघतात.

एवढे करूनही बेरिंगवरच संशय उरला तर ऑइल काढून फिल्टर कापावा आणि त्याचा घडीचा कागद उन्हात उलगडावा. लोहचुंबकाला चिकटणारा कीस बहुधा क्रँक, कॅम किंवा रिंगांकडून आलेला असतो. चुंबकाला दाद न देणारी, तांबूस चमकणारी बारीक भुकटी मात्र बेरिंगच्या वरच्या मऊ थराखालचे तांबे उघडे पडल्याचे सांगते, आणि ती दिसली की इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरचे बोल्ट सोडायला घ्यावेत.