ट्रॅकचं देणं

मी आंबेगाव तालुक्यातला. आमच्याकडे पोरांना सेकंद मोजायला फार लवकर येतं. थापलिंगच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, गाडा सुटला की डोळे बैलांवर आणि कान लाउडस्पीकरवर असतात. बारी किती सेकंदांत बसली, एवढंच ऐकायचं असतं. शेजारी दुसरा गाडा पळत नाही, लढत घड्याळाशी. हे बाळकडू घेऊनच मी मोठा झालो, चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत लागलो आणि पगार साठवून पल्सर २२० घेतली.

गाडी चालवायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चुलत्यांच्या स्प्लेंडरवर क्लच-गिअर कळले, डेअरीला दूध घालता घालता हात बसला. घरच्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, माणूस पालथा पडतो. आठ काढून दाखवला, लायसन्स मिळालं. त्यापुढे शिकण्यासारखं काही असतं हे ठाऊकच नव्हतं. पावसाळ्यात ओतूर, मढ करत माळशेजला जायचो आणि घाटात घड्याळ लावायचो. वळणात जो जास्त झुकेल तो खरा, एवढीच आमची समज होती.

कंपनीतले एक वरिष्ठ सहकारी दरवर्षी चेन्नईला ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवून शिकायला, जात. माझं घाटातलं कौतुक त्यांच्या कानावर गेलं होतं. ते रागावले नाहीत. ‘एकदा माझ्याबरोबर चल,’ एवढंच म्हणाले. फीही त्यांनीच भरली. मी ती हप्त्याहप्त्याने फेडली. पैसे फिटले, बाकीचं तसंच राहिलं आहे.

टाकी रिकामी करून गाड्या रेल्वे पार्सलने पाठवल्या. चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक. क्लब १९५३ सालचा. आधी शर्यती शोळवरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, १९९० पासून इथे होऊ लागल्या. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची, वळणं बारा.

सकाळी गाडी तपासणीला गेली. ऑइल गळतं का, चेन किती ढिली, टायरमध्ये हवा किती, सगळं पाहिलं. हेडलाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावायला सांगितली, गाडी पडली तर काच ट्रॅकवर पसरू नये म्हणून. आरसेही काढायला लावले. मागून येणारा बरोबर वाट काढेल, ती त्याची जबाबदारी, तू पुढे बघ. मग झेंडे समजावले. पिवळा दिसला की पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सगळ्यांनी वेग कमी करून पिटमध्ये परतायचं. ट्रॅक डेला नंबर नसतो, बक्षीस नसतं, हे मला तिथेच कळलं.

माझ्या गटाला शिकवायला चेन्नईचेच एक जुने रेसर होते. सगळे त्यांना सर म्हणत. काही फेऱ्या ते माझ्या मागून आले. मग पुढे जाऊन त्यांनी आपल्या सीटच्या मागच्या भागावर हात थोपटला. माझ्या मागे ये, अशी ती खूण. पिटमध्ये आल्यावर मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘तू चाकापुढचा रस्ता बघतोस.’ प्रत्येक वळणावर तीन शंकू ठेवलेले होते. एक वळायच्या जागी, दुसरा वळणाच्या पोटात, तिसरा बाहेर पडताना. नजरेने पुढचा शंकू पकडायचा आणि गाडी तिथे पोचायच्या आत तो सोडून त्याच्या पुढचा पकडायचा. घाटात इतकी वर्षं मी दरीकडे आणि कठड्याकडे बघत वळत होतो.

लांब सरळ पट्टा संपला की उजवीकडचं वेगवान वळण येतं, त्याला सी-वन म्हणतात. तिथे भीतीने माझा हात ॲक्सिलरेटर सोडायचा. सर गुडघ्यावर बसले आणि माझ्या उभ्या गाडीचं हँडल धरून दाखवू लागले. वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, गाडी डगमगते. वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. एकदा गाडी झुकली की ॲक्सिलरेटर अगदी हळू, पण न थांबता उघडत न्यायचा. उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची. ते ढकलणं आम्ही सगळेच नकळत करत असतो. जाणून केलं तेव्हा गाडी पहिल्यांदा माझ्या हातात आली.

दुपारी ब्रेक. ज्याला हात लावायचा नाही असं घरी शिकवलं होतं, तोच पुढचा ब्रेक गाडी थांबवण्याचं बहुतेक काम करतो. झटका द्यायचा नाही, आवळत न्यायचा. साठऐवजी नव्वदने आलास, म्हणजे वेग दीडपट झाला, तर तोच ब्रेक लावून थांबायला अंतर सव्वादोन पट लागतं, हे सरांनी खडूच्या रेघा मारून दाखवलं. ते गणित शाळेत मी पाठ केलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतरच्या ऊस हंगामातली एक रात्र. सेकंड शिफ्ट करून पुणे-नाशिक रस्त्याने घरी येत होतो. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली पुढ्यात उभी होती. हाताने पुढचा ब्रेक आवळत नेला, नजर ट्रॉलीवर न खिळता शेजारच्या मोकळ्या पट्टीवर गेली आणि गाडी तिथून निघाली. घरी आल्यावर सरांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘सकाळी टायर बघून घे.’

ट्रॅकवर त्या दिवशी वळणावळणावर झेंडा घेऊन उन्हात उभे राहणारे मार्शल होते. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. कुणी पडलं की सर्वांत आधी तेच धावतात. त्यांना थांबून नमस्कार करायचं मला तेव्हा सुचलं नाही. पुढच्या खेपेला आमच्याकडचे पेढे नेले.

आता सुट्टीच्या दिवशी यात्रेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून गावातल्या पोरांना ब्रेक लावायला शिकवतो. सरांनी दिलं त्यातलं हे थोडंसंच आहे.

जुन्नर-आंबेगावातल्या आयाबापांना एक विनंती आहे. पोराला मोठी गाडी घेऊन देत असाल तर त्याच पैशांत चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि एका ट्रॅक डेची फी धरा. आणि पोरांनो, माळशेजमध्ये घड्याळ लावू नका.